कर्णविकार : निरंक

सोनटक्केनं बारा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवले आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

"फक्त सही, सर. बाराच्या बारा निरंक आहेत."

निरंक हा कार्यालयीन मराठीतला एक अजब शब्द आहे. अर्थ एवढाच, की कळवण्यासारखं काही नाही. आणि काही नाही हे दर महिन्याला लेखी कळवायचं असतं. सोनटक्के शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआर मॅनेजर होता. कारखान्यातल्या अपघातांचं मासिक पत्रक तोच भरायचा. 'अपघात : निरंक' लिहून लिहून तो शब्द त्याच्या हाताला इतका बसला होता, की त्याच्या सहीपेक्षा तो जास्त वळणदार यायचा.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. दवाखाना निराला बाजारच्या मागच्या गल्लीत. पाटीवर तेव्हा औरंगाबाद होतं. या कंपनीत मी वर्षातून एकदा जायचो आणि मशीनच्या आवाजात काम करणाऱ्यांचं ऐकणं तपासायचो. कायद्यानं ते करावंच लागतं. त्यामुळे सोनटक्के मला 'आपले डॉक्टर' म्हणायचा, आणि मला ते आवडायचं.

फॉर्म होते स्कूबा डायव्हिंगचे. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि समुद्राखाली जाऊन मासे बघायचे, याला स्कूबा म्हणतात. कंपनीत सलग काही वर्षं एकही अपघात झाला नव्हता. मुख्यालय खूश झालं आणि शेंद्रा प्लँटच्या, साहेब आणि सोनटक्के धरून, बारा जणांना अंदमानची सहल मिळाली. तिथं एका बेटाजवळ बुडालेलं जुनं मालवाहू जहाज आहे. त्याच्यापर्यंत उतरायचं, प्रवाळ बघायचं, उरलेला वेळ वाळूत लोळायचं. अपघात न झाल्याबद्दलचं बक्षीस म्हणून माणसांना समुद्राच्या तळाशी पाठवायचं, ही कल्पना कोणाची हे मी विचारलं नाही. सोबत डॉक्टर असलेला बरा म्हणून त्यांनी तेरावं तिकीट माझं काढलं होतं.

डायव्हिंगवाल्यांचा मूळ फॉर्म इंग्रजीत होता. कामगारांना कळावा म्हणून त्याचं मराठी करायचं ठरलं आणि ते काम मी हौसेनं अंगावर घेतलं. इतरांच्या भाषणांतल्या जड शब्दांना मी नेहमी हसतो. पण हाती फॉर्म आल्यावर मी स्वतः लिहिलं : श्वसनविकार, हृद्‌विकार, नासाविवरदाह, कर्णविकार. एक दुपार त्यात गेली. कागद देखणा दिसत होता.

"हे भरलं कोणी?" मी विचारलं. बाराही फॉर्मवर एकच अक्षर होतं.

"मीच, सर. कँटीनमध्ये एकेकाला बसवून वाचून दाखवलं. सगळे नाही म्हणाले."

"तपासायला नकोत?"

"सर, तुम्ही तर दरवर्षी तपासता त्यांना. तुमचेच ग्राफ आहेत फाइलला."

हे खरं होतं. मी सह्या केल्या. नववा फॉर्म मुनीरभाईंचा होता. त्यावर मी थोडा थांबलो, पण ते कौतुकानं.

मुनीरभाई मेंटेनन्सचे फिटर. पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशाला कायम काळा डाग. राहायला चितेगावला. आयटीआय नाही, कसलं सर्टिफिकेट नाही. त्यांच्याकडे एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता आणि डावा कान होता. मशीन चालू असताना स्क्रूड्रायव्हरचं टोक ते तिच्या अंगावर टेकवायचे, मूठ डाव्या कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. फिरणाऱ्या दांड्याला धरून ठेवणारं जे गोळ्यांचं कडं असतं, त्याला बेअरिंग म्हणतात. ते खराब व्हायला लागलं की बारीक शीळ घालतं. तुम्हाआम्हाला ती ऐकू येईपर्यंत मशीन बंद पडायची वेळ झालेली असते. मुनीरभाईंना ती पंधरा दिवस आधी ऐकू यायची.

कंपनीनं थरथर मोजणारं एक महागडं यंत्र घेतलं होतं. त्याच्या उद्घाटनाला नारळ फुटला, प्लँट हेड निकमसाहेबांचं भाषण झालं. त्यानंतर इंजिनीअर मंडळी यंत्राचा आकडा घ्यायची आणि मग हळूच मुनीरभाईंना विचारायची, "चाचा, बरोबर आहे ना?"

एकदा तपासणीच्या वेळी मी त्यांना म्हणालो, "मुनीरभाई, तुमचा कान जपा."

"जपायलाच पाहिजे, डॉक्टरसाब. बाकी माझ्याजवळ आहे काय? हा गेला, की मी नुसता स्क्रूड्रायव्हर धरलेला माणूस."

दरवर्षी त्यांच्या डाव्या कानाचा ग्राफ मी काढायचो. वयाच्या मानानं तो इतका सुरेख यायचा, की एकदा मी त्याची झेरॉक्स शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला ठेवून घेतली. ज्या कानाचा ग्राफ माझ्या फाइलला आहे, तो कान पुन्हा काय बघायचा? ग्राफ सांगतो कान आज किती ऐकतो. कानाचं लहानपण ग्राफमध्ये येत नाही. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी लिहिलं असतं.

बेटावर पोचल्यावर पहिलं काम झालं ते बॅनर बांधण्याचं. दोन माडांच्या मध्ये 'शून्य अपघात परिवार' असं पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं कापड फडफडायला लागलं. निकमसाहेब हाफ पँटवर कंपनीचा टाय बांधून आले होते. कोणी हसलं नाही, कारण तो विनोद आहे की नाही हे ठरत नव्हतं. भाषणात ते म्हणाले, "सुरक्षितता ही आपली संस्कृती आहे." मागं एक कुत्रं वाळू उकरत होतं.

ते सोडलं, तर दोन दिवस खरोखर सुखाचे गेले. समुद्र हिरवा, गुडघाभर पाण्यात बोटं दिसावीत इतका स्वच्छ. आम्ही मराठवाड्याची माणसं. पाणी म्हटलं की आधी टँकर आठवतो. एवढं पाणी फुकट समोर पडलेलं बघून पहिल्या दिवशी सगळे काठावर नुसते बसून राहिले.

डायव्हिंग शिकवणारा प्रकाश नावाचा तरुण होता. हिंदी बोलायचा, शांत डोक्याचा. त्यानं पहिला धडा कानाचा दिला. कानाच्या पडद्यामागे हवेची एक इवलीशी खोली असते आणि तिथून एक नळी नाकाच्या मागे उघडते. विमानात आवंढा गिळला की कान मोकळा होतो, तो या नळीमुळे. पाण्यात खाली जाल तसा बाहेरचा दाब वाढतो आणि पडदा आत दाबला जातो. मग नाक चिमटीत धरायचं आणि हळूच फुंकायचं. आतून हवा आली की दाब सारखा होतो. प्रकाश 'हळूच' हा शब्द तीनदा म्हणाला.

"और नहीं हुआ तो?" एकानं विचारलं.

"तो ऊपर. जहाज कहीं नहीं जा रहा. वैसे भी डूबा हुआ है."

पहिल्या दिवशी छातीभर पाण्यात सराव झाला. बाहेर आल्यावर मुनीरभाई माझ्याजवळ येऊन बसले. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"डॉक्टरसाब, तुम्ही ऐकलं का?"

"काय?"

"खाली आवाज आहे. लोक म्हणतात समुद्रात शांत असतं. शांत कुठं? चट चट चट, सारखं चालूच. जुनं रिले कसं स्पार्क मारतं, तसं. आणि मधनंच कुणीतरी कानस घासल्यावानी."

मी प्रकाशला विचारलं. तो चकित झाला. चटचट बारीक कोळंब्यांची, आणि कानस म्हणजे पोपट मासा. तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून खातो. प्रकाश म्हणाला, बहुतेकांना हे दाखवून द्यावं लागतं.

बाकी अकरा जण रंगांबद्दल बोलत होते. निळा मासा, पिवळा मासा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा. मुनीरभाई समुद्र ऐकत होते. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी चार वेगवेगळे आवाज मोजले होते.

"कान दुखला नाही ना?" मी जाता जाता विचारलं.

"नाय. थोडा भरल्यावानी वाटतो, डावा. पाणी गेलं असंल."

छातीभर पाण्यात कान भरल्यासारखा वाटणं ही काही चांगली खूण नाही. मी कानाचा डॉक्टर. माझ्या बॅगेत कानात बघायची दुर्बीण होती. मी म्हणालो, "होईल मोकळा," आणि माशाची आमटी वाढून घेतली.

तिसऱ्या दिवशी जहाज. बोटीत बसल्यावर मला कळलं, की बॅनरची एक धाकटी आवृत्तीही सोबत आहे : प्लास्टिकमध्ये बंद केलेली, खाली शिशाची वजनं लावलेली. बुडालेल्या जहाजापुढं सर्वांनी ते धरून फोटो काढायचा होता. तो मुख्यालयाच्या मासिकात जाणार होता.

"बारा जण पाहिजेत फ्रेममध्ये," निकमसाहेब सोनटक्केला म्हणाले. "बारा म्हणजे बारा."

मुनीरभाईंना फोटोत रस नव्हता. ते प्रकाशला विचारत होते, "इंजिन दिसतं का तिथं?"

"दिखता है चाचा. एक साइड का पत्रा गल गया है, इंजिन खुला पड़ा है."

"शाफ्ट?"

"शाफ्ट भी."

"मंग मला तेच बघायचंय. मासे काय, बाजारातबी दिसतात."

जहाज फार खोल नव्हतं, तिसऱ्या मजल्यावरून जमीन दिसावी तेवढं. दोराला धरून एकेक जण उतरायचा. मी मुनीरभाईंच्या आधी उतरलो. वर बघितलं तर ते मधेच थांबले होते. प्रकाश त्यांच्या दंडाला धरून होता. त्यांनी डाव्या कानाकडे बोट केलं. प्रकाशनं त्यांना थोडं वर नेलं. पुन्हा खाली. पुन्हा कान. पुन्हा वर. तिसऱ्यांदा प्रकाशनं अंगठा वर केला. पाण्यात त्याचा अर्थ 'छान' असा नाही. त्याचा अर्थ 'वर चला'.

तेवढ्यात सोनटक्केचा हात मला दिसला. तो बॅनरचं एक टोक धरून सगळ्यांना जवळ बोलावत होता. मुनीरभाईंनी खाली बघितलं. त्यांना दिसलं ते बॅनर, की त्याच्या मागचं उघडं पडलेलं इंजिन, हे मी तेव्हाही ओळखलं. त्यांनी प्रकाशला नाही म्हणून मान हलवली, नाक घट्ट धरलं आणि गाल फुगवून सगळा जोर लावून फुंकलं. मास्कच्या काचेतून मला त्यांचे डोळे दिसले. मग एकदम त्यांचा चेहरा सैल पडला आणि ते सरळ खाली आले.

मला वाटलं, उघडला कान.

फोटो झाला. बारा म्हणजे बारा. नंतर मुनीरभाई इंजिनाजवळ गेले. त्यावर प्रवाळाची पुटं चढली होती, सिलिंडरच्या भोकातून एक ईल मासा डोकं काढून बघत होता. मुनीरभाईंनी तळहातानं शाफ्टवरची घाण पुसली. आणि मग त्यांनी जे केलं, ते मी अजून विसरलेलो नाही. ते वाकले आणि त्यांनी डावा कान त्या मेलेल्या इंजिनाच्या अंगाला लावला. डोळे मिटले. दोन-तीन श्वासांचे बुडबुडे वर गेले.

मग ते आडवे झाले. जणू कोणीतरी खालची जमीन ओढून घेतली.

बोटीत घेतल्यावर त्यांना उलट्या सुरू झाल्या. डोळ्यांची बुबुळं एका बाजूला सरकून पुन्हा झटक्यानं परत येत होती. मास्कमध्ये नाकातलं थोडं रक्त होतं. बोटीची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"फिरतंय," ते म्हणाले. "सगळं फिरतंय. आणि कोणीतरी ते बंद करा."

"काय बंद करा?"

"बेअरिंग. बेअरिंग गेलंय बोटीचं. ऐकू येत नाय का?"

बोटीचं इंजिन बंद होतं.

किनाऱ्यावर मी त्यांच्या कानात दुर्बीण घातली. हे काम मी निराला बाजारला, टेबलावर फॉर्म असताना करायला हवं होतं. दोन मिनिटं लागली असती. पडद्याच्या खालच्या भागात एक जुना व्रण होता. तिथं पडदा सिगारेटच्या कागदाइतका पातळ भरून आला होता. त्याच्या मागे ताजं रक्त.

"मुनीरभाई, हा कान पूर्वी कधी फुटला होता?"

आमच्याकडे कान फुटणं म्हणजे कानातून पू येणं.

"लहानपणी ना," ते डोळे न उघडता म्हणाले. "दर पावसाळ्यात फुटायचा. अम्मी लसणाचं तेल घालायची. आमच्या गल्लीत सगळ्याच पोरांचा फुटायचा, डॉक्टरसाब. ते काय बिमारी थोडीच आहे."

"फॉर्ममध्ये विचारलं होतं."

"नाय विचारलं."

"कर्णविकार. सोनटक्केंनी वाचून दाखवला ना?"

त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच कपाळाला आठी घातली. आठवत असावेत.

"हां. ते. मला वाटलं कर्णा. भोंगा. कंपनीच्या भोंग्याचा काही त्रास आहे का, असं विचारतायत. मी म्हटलं, नाय, काय त्रास नाय."

मी दुर्बिणीचा दिवा बंद केला.

झालं काय होतं, ते सांगतो. वरचेवर कान फुटलेल्या माणसाची ती नाकामागची नळी पुष्कळदा आळशी असते. जमिनीवर त्यानं काही बिघडत नाही. पाण्याखाली ती उघडत नाही. मग माणूस जोर लावून फुंकतो. त्या जोरानं डोक्यातला दाब वाढतो आणि कानाच्या अगदी आतली, हरभऱ्याच्या डाळीहूनही लहान अशी एक पडद्याची खिडकी फाटते. तिच्या पलीकडे पाणी असतं, आणि त्या पाण्यात आपलं ऐकणं आणि आपला तोल. ते पाणी गळतं. मुनीरभाईंचा चेहरा सैल पडला, तेव्हा कान उघडला नव्हता. फाटला होता. मी दहा हातांवर होतो, माझा हाच धंदा, आणि मला वाटलं, उघडला.

अशा कानानं विमानात बसता येत नाही. बाकीचे ठरल्या दिवशी परतले. बॅनर सोडून नीट घडी घालून नेलं. मी आणि मुनीरभाई तिथल्या सरकारी इस्पितळात राहिलो. उशाला दोन उशा, हालचाल बंद, इंजेक्शनं. खिडकीतून समुद्र दिसायचा. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "चक्कर कमी आहे. पण डाव्या बाजूला तुम्ही बोलता ते येत नाय. नुसती शीळ येते."

"कशी?"

"मी सांगितलं ना. बेअरिंगची. आतल्या कड्याला खड्डा पडला की येते, तशीच. नंबरबी सांगू शकतो." ते हसले. मला हसता आलं नाही.

जहाजानं आणि मग रेल्वेनं औरंगाबादला आल्यावर ऑपरेशन झालं. माझ्या सिनिअरनं केलं. मी हात लावायचं धाडस केलं नाही. खिडकी बंद झाली, चक्कर थांबली. ऐकणं परत आलं नाही. ते बहुधा येत नाही.

मग माझ्या दवाखान्यातल्या आवाजबंद खोलीत मी त्यांना बसवलं. कानाला हेडफोन लावायचे, आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं, की बाहेर माझ्या टेबलावर दिवा लागतो. मी डाव्या बाजूला आवाज वाढवत गेलो. काचेपलीकडे मुनीरभाई डोळे मिटून, अंगठा बटणावर ठेवून बसले होते. अगदी तसेच, जसे मशीनपाशी बसायचे. दिवा लागला नाही. मी मशीनच्या शेवटच्या आकड्यापर्यंत गेलो. मग विनाकारण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बाहेर येऊन ते म्हणाले, "आज मशीन चालू नव्हती केली काय?"

मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसले.

कोणी म्हणेल, उजवा कान होता की. मुनीरभाईंनीही तेच म्हटलं. कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी स्क्रूड्रायव्हर उजव्या कानाला लावला. पण एका कानाच्या माणसाला गोंगाटात आवाज कुठून येतो ते कळत नाही, आणि एक आवाज दुसऱ्यातून वेगळा काढता येत नाही. शिवाय डावीकडे चोवीस तास खराब बेअरिंग वाजत होतं. प्रत्येक मशीन त्यांना बिघडलेली वाटायला लागली. त्यांच्या सांगण्यावरून एक चांगला कॉम्प्रेसर खोलला गेला. आठ दिवसांनी दुसऱ्याला त्यांनी ठीक म्हटलं आणि तो जाम झाला. त्यानंतर इंजिनीअर मंडळींनी विचारणं बंद केलं. कोणी वाईट वागलं नाही. यंत्राचा आकडा घेऊन ते पुढे जायचे. महिन्याभरात मुनीरभाईंची बदली स्टोअरला झाली. नट-बोल्ट मोजून द्यायचे.

मी सोनटक्केला भेटलो. त्याच्या टेबलावर मासिक पत्रकच होतं.

"यात मुनीरभाईंचं आलं पाहिजे," मी म्हणालो.

"सर, हा आवारातला अपघात नाही. सहलीतला आहे. कामावर असताना नाही."

"बॅनर कंपनीचं होतं."

"बॅनरला काही झालं नाही, सर." हे बोलल्यावर तो स्वतःच ओशाळला. आवाज उतरवून म्हणाला, "वाईट मलाही वाटतं. अक्षर माझं आहे. पण तुम्हीच विचार करा, चौकशी झाली तर कागद कुठला निघेल? फिटनेसचा. त्यावर सही कोणाची?"

मी घरी आलो आणि पत्र लिहिलं. साध्या मराठीत. मी बारा माणसांना न तपासता पाण्याखाली जायला लायक ठरवलं. फॉर्मवरचा शब्द माझा होता आणि तो ज्याला विचारला त्याला कळला नाही. कान बघायला हवा होता, मी फॉर्म बघितला. पत्र आठ दिवस खणात पडून होतं. ते आठ दिवस का, याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते सगळ्यांकडे असतं तसलंच आहे. शेवटी निकमसाहेबांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उभ्यानंच वाचलं. "डॉक्टर, कशाला हे? आपण त्यांची नोकरी ठेवली आहे ना." पत्र त्यांनी घडी करून मला परत दिलं. मी ते घेतलं नाही. मग त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि त्यावर पेपरवेट ठेवला. त्या पत्राला आवक क्रमांक मिळाला नाही, उत्तरही नाही. मी वर प्रतही पाठवली. तिथून 'आपल्या सूचनांबद्दल आभार' आले. पुढच्या वर्षीच्या तपासणीला त्यांनी दुसरा डॉक्टर बोलावला.

मुनीरभाईंना मी तक्रार करायला सांगितलं, साक्ष द्यायची तयारी दाखवली. ते म्हणाले, "राहू द्या डॉक्टरसाब. स्टोअरमधनंबी काढतील. आणि तुमचा दवाखाना चालायला पाहिजे. हा दुसरा कान दाखवायला मी कुठं जाऊ?"

कंपनीच्या रिसेप्शनला तो फोटो लावला आहे, मोठा करून. निळं पाणी, काळं जहाज, मध्ये पिवळं बॅनर. डाव्या कडेला एक माणूस आहे. तो कॅमेऱ्याकडे बघत नाही, मागच्या इंजिनाकडे बघतो आहे. फोटोखालच्या फळ्यावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा आकडा रोज बदलतात. मुनीरभाईंच्या दिवसामुळे तो आकडा एकदाही मागे आला नाही.

यातून निघालेला धडा फार मोठा नाही. माझ्या दवाखान्यातल्या कागदावरून कर्णविकार गेला. तिथं आता विचारलं आहे, 'कान कधी फुटला होता का?' फॉर्म भरताना 'नाही' म्हणत आलेली माणसं हा प्रश्न ऐकल्यावर सहज सांगतात, हो, लहानपणी, सगळ्यांचाच फुटायचा. पण कान मी आता आधी बघतो आणि विचारतो नंतर. त्याला दोन मिनिटं लागतात.

मुनीरभाई आता निवृत्त आहेत. चार-सहा महिन्यांनी चितेगावहून येतात, उजवा कान दाखवायला. तो चांगला आहे. मी डाव्याबद्दलही विचारतो, कारण विचारायला पाहिजे.

"वाजतंय?"

"वाजतंय."

मग मी केसपेपर ओढतो आणि तक्रारीच्या रकान्यावर पेन ठेवून त्यांच्याकडे बघतो. ते उजवा कान माझ्याकडे करून बसलेले असतात.

"लिहा," ते म्हणतात. "निरंक."